कंबर खोटं बोलत नाही

नव्वदच्या दशकात मी वाशीला कॉलेजात होते आणि मुलींच्या संघात डाव्या कोपऱ्याला कबड्डी खेळायचे. आमचे प्रशिक्षक सातारचे. सकाळी मार्केटात माथाडी, संध्याकाळी मैदानावर. सगळ्याजणी त्यांना दादा म्हणायचो.

उरणच्या कॉलेजच्या संघातली एक मुलगी आम्हाला भारी पडायची. चढाईला आली की उजवा पाय पुढे टाकायची, मी पायावर झेपावायचे, तोवर ती मला हात लावून पसार! एका सरावाच्या सामन्यात तिने मला पाच वेळा बाद केलं. मी रडकुंडीला आले.

"पायाकडं काय बघतीस?" दादा म्हणाले. "पाय थापा मारत्यात."

उरणशी पुढच्या सरावाच्या सामन्याला त्यांनी लग्नाचं शूटिंग करणारे आपले शेजारी आणले आणि त्यांना रेषेबाहेर, बरोबर माझ्या मागे बसवलं. म्हणजे मला दिसतं तेच कॅमेऱ्याला दिसणार. नंतर ती कॅसेट त्यांच्याच घरी लावली. दादांनी पुठ्ठा कापून टीव्हीच्या खालच्या भागावर चिकटवला. उरणच्या त्या मुलीचे पाय दिसेनात, फक्त कंबर आणि खांदे.

"आता खेळ. ती समोर हाय असं समज."

मी फरशीवर वाकून उभी राहिले. ती अंगावर आली. ऐन क्षणी दादांनी चित्र थांबवलं. "कुठं जाणार?"

"डावीकडं."

चित्र सुरू झालं. ती उजवीकडे गेली. पहिल्या दिवशी बहुतेक वेळा चुकलेच. दोन आठवडे रोज तासभर हेच चाललं. शेजाऱ्यांच्या काकू चहा देताना हसायच्या, "पोरगी टीव्हीशी कुस्ती करतेय!" पण हळूहळू, वळायच्या आधी कंबर त्याच बाजूला किंचित खाली बसते, ते मला दिसायला लागलं.

उरणच्या स्पर्धेत मी तिला तीनदा पकडलं. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो, तरी दादा पेढे घेऊन आले.

सामन्यानंतर ती मुलगी माझ्याकडे आली. "तुला कसा कललं गो, मी कुठं जानार?"

मी खरं ते सांगितलं. ती खळखळून हसली. "मंग आता कमरेला पन खोटं बोलायला शिकवीन!"

पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात आम्ही दोघी निवडल्या गेलो. पहिल्याच सामन्यात ती चढाईला निघाली आणि मी रेषेपाशी उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडत होते, "जा, जा!"