नावाशिवाय वर टाकायचं नाय

आळेफाट्याला नगरकडं तोंड करून उभं राहिलं की गॅरेजांच्या ओळीत, टायरवाल्याच्या आणि रसवंतीच्या मधोमध पोपटभाऊंचा स्टुडिओ लागतो. पाटीवरची अक्षरं उन्हानं खाल्लीत. रत्नानं, त्यांच्या लेकीनं, दोनदा सांगून पाहिलं की आप्पा, नवी पाटी करू. पोपटभाऊ म्हणाले, "वाचून कोण येतंय? मला बघून येत्यात."

आणि ते खोटं नव्हतं. चाळीस वर्षांत या मुलखातली निम्मी लग्नं त्यांनी टिपली. त्या वेळच्या नवऱ्या आता सासवा झाल्या. कुणाच्या घरात कुणी गेलं की माणसं स्टुडिओत यायची आणि म्हणायची, "भाऊ, आमच्या तात्यांचा एखादा बरा फोटो असंल का?" पोपटभाऊ डोळे मिटायचे. "तुमच्या थोरल्या चुलत्याच्या लग्नात तात्या मांडवाच्या मेढीला टेकून उभं व्हतं. डोक्याला फेटा, हातात पानाचा इडा." उठायचे, पाकिटांच्या कपाटातून नेमकी निगेटिव्ह काढायचे. पाकिटावर काय लिहिलेलं? गावाचं नाव आणि नवऱ्याचं आडनाव. बाकी सगळी नोंद भाऊंच्या डोक्यात.

हे डोकं काही शाळेत तयार झालं नव्हतं. नारायणगावच्या एका स्टुडिओत ते पोरगेले असताना ट्रे धुवायचे. लाल दिव्याच्या अंधारात कागदावर माणूस हळूहळू उमटताना पहिल्यांदा पाहिला, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तेवढ्यावर त्यांनी आयुष्य बेतलं. जुना कॅमेरा घेतला, त्याहून जुनी मोपेड घेतली, आणि बौद्धवाड्यातला पोपट गावोगाव लग्नं काढायला निघाला.

पहिल्याच मोठ्या लग्नात त्यांचं ताट पंगतीपासून लांब, गोठ्याच्या कडेला मांडलं होतं. पोपटभाऊंनी कॅमेरा बंद केला आणि मांडवाच्या मधोमध उभं राहून विचारलं, "फोटोला माझा हात चालतो, मंग ताटाला का चालत न्हाई?" ते न जेवता घरी आले. फोटो मात्र ठरल्या दिवशी पोचवले, एकही खराब न करता. पुढं त्याच घरातल्या धाकट्याच्या लग्नात त्यांचं पान वरमाईच्या भावाशेजारी वाढलं गेलं. ते सांगताना आजही त्यांची मान ताठ होते. व्हायलाच पाहिजे. ते पान कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनी घेतलेलं होतं.

कॅमेरा गळ्यात असला की माजघरापर्यंत वाट मोकळी, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. म्हणून त्यांच्याकडं नुसते नवरा-नवरीचे फोटो नाहीत. चुलीपुढं पुरण वाटणाऱ्या बाया आहेत, भांड्याच्या ढिगाशी बसलेल्या मोलकरणी आहेत, मांडवाबाहेर उभी राहिलेली वाजंत्र्यांची बायकापोरं आहेत. स्टेजवर यायला ज्यांना कुणी बोलावलंच नाही, ती सगळी माणसं पोपटभाऊंच्या पाकिटांत सापडतात. जानकाबाई, त्यांची बायको, तेव्हा चिडायची. "पार्टी पैसं नवरीचं देती आन् तुमी रोळ भांडीवालीवर उडीवता!"

पाकिटांतल्या निगेटिव्ह रत्नानं एकेक करून संगणकात घेतल्या. त्या कामात तिची पाच-सहा वर्षं गेली. कॉम्प्युटरच्या शेजारी हार्ड डिस्क एकावर एक चढल्या. मग गेल्या पावसाळ्यात लाईट गेली आणि असा झटका देऊन परत आली, की एक डिस्क बसली ती बसलीच. पुण्याला नेऊन दाखवली, उपयोग झाला नाही. अख्ख्या एका हंगामातली डिजिटल लग्नं गेली. त्या डिस्कवरच्या माणसांना रत्नानं स्वतः फोन केले आणि शिव्या खाल्ल्या.

तेव्हापासून तिनं ठरवलं, सगळं क्लाऊडवर न्यायचं. पण ती बापाची लेक. घाईनं काही उचलणारी नाही. अमृत नावाचा एका कंपनीचा माणूस चकचकीत बॅग घेऊन आला. "मॅडम, एका दिवसात सगळं वर. तुम्ही टेन्शनच घ्यायचं नाही."

रत्नानं त्याला चहा दिला आणि प्रश्न सुरू केले. "वर टाकणं राहू द्या. परत खाली आणायचं झालं तर किती वेळ, काय खर्च? आज थोडी जागा लागती, दहा वर्षांनी चौपट लागंल, तेव्हा भाडं कसं वाढणार? उद्या तुमची कंपनी मला पटली नाही तर माझा माल घेऊन मला निघता येईल का? इथं नेट दुपारी बंद पडतं, तेव्हा गिऱ्हाइकाला काय सांगू? आणि लोकांच्या आयाबहिणींचे फोटो आहेत हे. ते कोण बघू शकतं?"

अमृत दोन प्रश्नांची उत्तरं देऊ शकला. बाकीची साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. आणि खरंच सांगितली. माणूस वाईट नव्हता, त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

रत्नाचा बेत असा ठरला. आधी एकाच गावची लग्नं न्यायची, ती परत उतरवून बघायची, मग पुढचं गाव. वर गेलं तरी एक प्रत घरात, दुकानात नाही, घरात. पासवर्ड तिघांनाही माहीत. आणि शेवटची अट: प्रत्येक फोटोत कोण आहे, ते नाव लिहिल्याशिवाय वर टाकायचं नाय. नाहीतर लाखभर चेहरे आभाळात नुसते पडून राहणार, हाक मारायची तर कुणाला?

नावं होती एकाच ठिकाणी. ती बापासमोर बसली. "आप्पा, रोज दुपारी तासभर. तुमी सांगायचं, मी टाईप करणार."

"मला येळ न्हाई."

"दुपारी झोपता की."

"झोपायला येळ लागतोच की गं." पोपटभाऊ उठून बाहेर गेले, टायरवाल्याच्या बाकड्यावर बसले. जानकाबाई चहा घेऊन मागोमाग गेली.

"काय झालं ओ फुगायला?"

"जानके, सगळं त्या मशिनीत गेलं, नावासकट गेलं, तर मंग मला कोण इचारणार? मी काय नुसतं पाटीवरचं नाव व्हऊन बसू का?"

जानकाबाईंनी कप हातात दिला. "आन् उद्या तुमीच गेलाव तर? आमी तुमच्या फोटोला इचारायचं का, ही कोण म्हणून?"

भाऊंनी चहा परत केला. महिना झाला, तरी ते हट्टाला पेटलेले. रत्ना रोज त्यांच्याशी भांडायची आणि काम थांबलेलं. क्लाऊडची जागा घेऊन ठेवलेली, रिकामी.

अशात बेल्ह्याजवळच्या वस्तीवरच्या साळुबाई वारल्या. त्यांचा जावई सुदर्शन स्टुडिओत आला. घरात आधार कार्डावरचा तेवढा एक फोटो, तोही ओळखू न येणारा. "पोपटभाऊ, आमच्या सासूबाईंचा तरणेपणीचा फोटो पाहिजे. दशक्रियेचा फ्लेक्स करायचाय."

"लग्न मीच काढलंय त्यांचं!" भाऊ खुलले. महिनाभर रुसलेला माणूस एकदम ताठ झाला. लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघ, मशिनीला इचार साळुबाई कोण. सांगती का?"

मशीन सांगत नव्हतीच. फोल्डरवर नवऱ्याचं आडनाव होतं, आणि त्या दिवशी एकाच मांडवात दोन लग्नं लागली होती. दोन सख्ख्या बहिणी, दोन सख्खे भाऊ. आपल्याकडं ही रीतच. एकाच खर्चात दोन पोरी उजवल्या, आणि बहिणी-बहिणी जावा झाल्या. दोघींना एकाच थानातली लुगडी, दोघींच्या कपाळावर सारख्या मुंडावळ्या, डोक्यावरून पदर.

पोपटभाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही. ही साळूबाय."

"आप्पा, नक्की ना? दोघी सारख्याच दिसत्यात. सासरी फोन करून..."

"आगं, मी तिथं उभा व्हतो का तू?"

सुदर्शननं सासूला तरणी कधी पाहिलेली नव्हती. त्याला फोटो आवडला. फाईल दुकानातूनच थेट फ्लेक्सवाल्याकडं गेली, आणि दुसऱ्या दिवशी फाट्याच्या चौकात, बस थांबते त्याच्या समोर, भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स चढला.

त्याच दुपारी भोसरीहून एक म्हातारी बसमधून उतरली. हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले. तिनं वर पाहिलं आणि पिशवी तिथंच टाकली. मग पदर कमरेला खोचून सरळ स्टुडिओत आली.

"पोपट्या! मला मारलंस व्हय रं?"

पोपटभाऊ खुर्चीतून उठले. समोर सोनीबाई. साळुबाईची बहीण आणि जाऊ. धडधाकट.

"वैनी... तुमी?"

"भूत न्हाई, मीच हाय! चौकात माज्या तोंडाखाली तारीख टाकलीस, कैलासवासी केलंस. बसमधली बाई मला म्हणती, मावशी, तुमची बहीण का? मी म्हणलं, मीच हाय ती, मेलेली!" सोनीबाई हसायला लागली, आणि हसता हसताच तिला हुंदका आला. ती काउंटरला धरून खाली बसली. "आरं, तिचा एक फोटो न्हाई नीट. मला वाटलं, निदान तू तरी तिला दाखवशील. माझंच थोबाड काय बघायचं मी..."

जानकाबाईंनी पाणी आणलं. रत्नानं फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

पोपटभाऊंनी स्टूल ओढलं, सोनीबाईला पडद्यासमोर बसवलं. "वैनी, चूक झाली. माज्या हातानं झाली. तुमीच दाखवा आता."

सोनीबाईनं डोळे पुसले. एकेक फोटो सरकत गेला. "ही मी. ही मीच. ही ती... न्हाई, थांब. ही ती! डाव्या भुवईला बघ खोक हाय. लहानपणी आमी चिंचेवर चढलो, मी ढकललं तिला. आन् ही मागं पदर धरून उभी, ती आमची सोयरी, घोडेगावची. आन् ही पुरण वाटतीय ना, ती भागी. तिचं नाव कुणालाच ठावं नसंल. मोलानं आली व्हती, तिनं आमाला हळद लावली."

पोपटभाऊ पडद्याकडं बघत राहिले. भागी. हा फोटो त्यांनी काढला होता, त्या बाईच्या हातावर उन्हाची तिरीप पडली म्हणून. चाळीस वर्षं ती त्यांच्या कपाटात होती. नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"लिव्ह गं," ते रत्नाला म्हणाले. "भागी. घोडेगावची सोयरी पण लिव्ह. वैनी, तिचं नाव काय?"

संध्याकाळपर्यंत चौकातला फ्लेक्स बदलला. त्यावर साळुबाई आली, भुवईच्या खोकेसकट.

रत्नाचा बेत मग बदलला. नावं एकट्या आप्पांकडून घ्यायची नाहीत, ज्याची माणसं त्याच्याकडून घ्यायची. आप्पांनी आठवेल ते सांगायचं, पण घरच्या कुणी तरी पाहून हो म्हटल्याशिवाय नाव पक्कं नाही, आणि वर जाणं नाही. नवऱ्याच्या आडनावाशेजारी नवरीचं माहेरही लिहायचं, कारण बाया आपला फोटो माहेरच्या नावानं शोधायला येतात. पोपटभाऊ यातल्या कशालाच आडवे आले नाहीत. उलट बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी टेबल मांडायची कल्पना त्यांचीच. "गिऱ्हाइकाची वाट कशाला बघायची? बाजारला सगळा मुलूख येतो."

बैलांच्या दावणी संपतात तिथं, लिंबाच्या सावलीत, टेम्पोच्या फाळक्यावर रत्नानं पडदा लावला. पहिल्यांदा पोरं जमली, मग गडी, आणि मग, लांबून बघत बघत, बाया. कुणाला आई सापडली. कुणाला गेलेला भाऊ, पंगतीत वाढताना. एका व्यापाऱ्यानं बैलाचा सौदा अर्धा सोडला आणि तो पडद्यापुढं उभा राहिला. "थांब थांब, मागं घे! आमचा वाडा हाय तो, धरणात जायच्या आधीचा."

पोपटभाऊ बाकड्यावर बसले होते. कॅमेरा नव्हता, तरी त्यांची नजर जुन्या सवयीनं गर्दीतून फिरत होती, कोण मागं राहिलंय ते शोधत. त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "हे रामनाथ. पिंपळवंडीचं."

"हॅ!" मागून एक म्हातारी ओरडली. "रामनाथ न्हाई ते, भिका! रामनाथ त्याचा धाकला. पोपटभाऊ, डोळं तपासा राव!"

गर्दी हसली. रत्नानं बापाकडं पाहिलं, हात कीबोर्डवर थांबवून.

पोपटभाऊ उठले आणि म्हातारीला बाकड्यावर जागा करून दिली. "बसा मावशी. तुमी सांगा, मी ऐकतो. आन् त्याच्या शेजारी घागर घेतलेली, ती कोण?"