तळव्यांची ओळख

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन काही वर्षं झाली, तरी त्या माणसाचे पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

तेव्हा मी चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमच्या रस्त्यावर एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमचं घराणं तंजावरकडचं मराठी. पण चौकशी आणि शिव्या तमिळमध्येच. जवळच्या मच्छीमार वस्तीतल्या चर्चमधून मेरीमातेचा चांदीचा मुकुट चोरीला गेला. कुलूप शाबूत होतं. खबऱ्यानं सांगितलं, किल्ली राखणदाराकडे असते आणि त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, पैसा लागतोय. मला तेवढं पुरलं. रविवारची प्रार्थना सुटत असताना मी त्याला चर्चच्या पायरीवरून, अख्ख्या वस्तीसमोर, कॉलर धरून जीपमध्ये घातलं.

आम्हा पोलिसांत एक समज आहे. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, सराईत गप्प बसतो. हा गप्प बसला. चोरी नाकारली, तीही एकदाच. किल्ली आणखी कुणाच्या हाती गेली होती, असं विचारल्यावर म्हणाला, रंगकामाला माणसं आली होती. मी नाव मागितलं.

"चोरताना मी कुणाला पाहिलं नाही, सार. नाव दिलं तर त्यालाही इथंच आणाल."

मला तो उद्धटपणा वाटला. मी लाठी घेतली आणि त्याच्या तळव्यांवर मारलं. तळव्यावरची खूण पटकन कुणाला दिसत नाही. नंतर माणसाला आवारात चालायला लावायचं, म्हणजे सूज उतरते. हे मला वरच्यांनी शिकवलं, मी खालच्यांना शिकवलं.

चारच दिवसांनी चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीकडे, त्या रंगकामातला एक रंगारी चांदीचे तुकडे विकताना सापडला. किल्लीचा ठसा साबणावर घेतल्याचं त्यानं कबूल केलं. मुद्देमाल जप्त झाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. राखणदाराची अटक मी कागदावर दाखवलीच नव्हती. त्याला मागच्या दारानं सोडलं. तोवर मुलीचं लग्न मोडलं होतं. त्यानं तक्रार केली नाही.

पुढच्याच आठवड्यात, ईस्टरआधीच्या गुरुवारी, मी त्याच चर्चमध्ये बंदोबस्ताला होतो. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत तो होता. फादरनी पट्टी सोडली. तळवे काळेनिळे, एका टाचेला जखम. तिथं त्यांनी पाणी फार हळू ओतलं. पुढच्या बाकावरून त्याची बायको माझ्याकडे बघत होती. मी बाहेर आलो.

सगळं आटोपल्यावर तो लंगडत आला. त्याला जीपच्या आडोशाला नेऊन मी म्हटलं, "चूक झाली. माफ कर."

"केलं, सार. देवानं मला माफ केलंय, मग मी तुमचं धरून कशाला बसू?"

मला हायसं वाटलं. ते त्याला दिसलं असावं.

"पण एवढं घेऊन घरी जाऊ नका. सिस्टर लोकांच्या आश्रमात कुष्ठरोगी म्हातारे आहेत. त्यांचे पाय धुवायला माणूस मिळत नाही. तळव्यांची तुम्हाला चांगली ओळख आहे."

त्यात टोमणा होता. बोलावणंही होतं. मी बरेच महिने टाळलं, मग गेलो. पहिल्या दिवशी ओकलो. त्यानं बादली पुढे केली आणि म्हणाला, "ठाण्यात मी नव्हतो ओकलो." आता दर शनिवारी मी जखमा धुतो, तो पट्ट्या कापून देतो. मी ख्रिस्ती झालेलो नाही. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. बायकोला वाटतं, मी पुण्य जोडतोय.

माफी मिळाली की प्रकरण बंद होतं, असं मी नोकरीभर समजत आलो. त्याच्या देवाकडे माफी मिळाल्यावर माणसाला कामाला लावतात. ते काम मी करतो, पण आश्रमाच्या चार भिंतींआड.

त्याला मी वस्तीसमोर चोर म्हणून नेलं. हा चोर नव्हता, हे त्याच पायरीवर उभं राहून, त्याच्या मुलीच्या देखत, मी अजून सांगितलेलं नाही. ते माझ्याकडे बाकी आहे.