कमी आवाजात ऐकण्यासाठी

वीसेक वर्षं मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवला. आमच्या कोळ्या-आगऱ्यांत हळदीला बेंजो लागतोच. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन ढोलक्या आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. माझी जागा कायम त्यातल्या एका स्पीकरच्या कडेला असायची, म्हणजे उजवा कान त्याच्या तोंडाशीच. सुरुवातीला त्याचं काही वाटायचं नाही. रात्रभर वाजवून घरी यायचं, कान सुन्न असायचे, झोपून उठलं की उघडायचे.

मग एका सीझनला उजवा उघडलाच नाही. त्याच्या आत एक बारीक सूर लागून राहिला, जुना टीव्ही चालू असला की येतो तसा. घरात सगळं शांत झालं की तो वाढायचा. पार्टीचा मालक माझा मोठा चुलतभाऊ, त्याला एकदा सांगितलं तर म्हणाला, "कापूस घाल कानात. मला पण होतं ते."

त्यालाही होतं, हे खरंच होतं. आमच्यातल्या सगळ्यांनाच होतं. आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो आणि आपण ओरडतोय हे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

डॉक्टरांकडे मला बायको घेऊन गेली. आम्ही दिव्याला राहतो. ती घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे मशीनची खडखड चालू असतेच. पण ती म्हणाली, मशीन बंद असताना हाक मारली तरी तुम्ही बघत नाही. कल्याणला एका कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिथे गेलेलो. त्यांनी एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी कितीतरी वेळा आवाज नसताना दाबलं, कारण माझा आतला सूर आणि हेडफोनमधला सूर यांत मला फरकच करता येईना.

बाई वयस्क होत्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, "उजव्या कानाचं वरच्या पट्टीतलं ऐकणं बरंच गेलंय. ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळायचं."

मी विचारलं, "म्हणजे गाणी ऐकायची नाहीत?"

"ऐका की. पण हळू ऐका. तुमच्या आजूबाजूला गोंगाट असला की तुम्ही त्याच्यावर आवाज चढवणार. त्यापेक्षा कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या, बाहेरचं आत येणार नाही आणि कमी आवाजात भागेल. फक्त रस्त्यावर घालू नका. आणि ते स्पीकर सोडा."

स्पीकर सोडायला मला आणखी काही महिने लागले. आता मी डोंबिवलीत एका मांडव-साऊंडवाल्याच्या ऑफिसात ऑर्डरी घेतो. फोन डाव्या कानाला लावतो. काम बरं आहे, पण संध्याकाळी डोकं जड होतं. दिवसभर एका कानाने ऐकणं म्हणजे दिवसभर एका पायावर उभं राहण्यासारखं आहे, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं.

इअरफोनचं मात्र मनावर घेतलं. पहिल्यांदा मेहुण्याने त्याचे वायरलेसवाले दिले, बाहेरचा आवाज खाणारे. घातल्याबरोबर घाटात गाडी चढताना कान दडपतात तसं झालं, आणि त्या कोऱ्या शांततेत माझा सूर असा काही वाजायला लागला की मी ते काढून लगेच परत दिले. शिवाय ते चार्ज करायचे. मला आता रोज सांभाळायची आणखी एक गोष्ट नको होती.

मग वायरवाले बघायला लागलो. नेटवर वाचलं तर त्यांना इन-इअर मॉनिटर म्हणतात. मला गंमत वाटली. आमच्याकडे मॉनिटर म्हणजे स्टेजवर वाजवणाऱ्याच्या पायाशी तोंड करून ठेवलेला स्पीकर. मोठ्या ऑर्केस्ट्रातल्या गायकांच्या कानात ते छोटे मॉनिटर बघितलेले, वायर कानावरून मागे मानेकडे नेलेली. आमच्या पार्टीत कधी कुणाला मिळाले नाहीत. आता वाजवणं सुटल्यावर ते मी गाणी ऐकायला घेणार होतो.

निवडताना मात्र दमलो. एक जण लिहितो हे उबदार आहेत, दुसरा त्याच इअरफोनला म्हणतो चिखल आहे. वर-खाली जाणारे आलेख, त्यावर भांडणं. मी दुपारी डबा खाऊन ते वाचत बसायचो आणि संध्याकाळपर्यंत आदल्या दिवशीचं ठरवलेलं मोडलेलं असायचं. एवढं मी आयुष्यात कीबोर्ड घेतानाही वाचलं नव्हतं.

बायको वैतागली. "मी मारलेली हाक तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही उरलेला कान पण बंद करायला निघालात."

"डॉक्टरच म्हणाल्या."

"डॉक्टर घरात राहत नाहीत."

आमच्या घरात दिवसा शांतता कुठे असते? शेजारी नवीन बिल्डिंगचं काम, खालच्या मजल्यावर टीव्ही, हिचं मशीन. त्या सगळ्यात मला थोडा वेळ माझं काही ऐकायचं होतं, एवढंच. पण ते तोंडाने नीट सांगता येईना.

शेवटी तीच म्हणाली, "चला, एकदा काय ते घेऊन टाका."

ठाण्याला एक दुकान आहे, तिथे घालून ऐकू देतात. मालकाने तीन जोड्या समोर ठेवल्या. माझ्या फोनला जॅक नव्हता, म्हणून एक बोटभर लांबीचा कनेक्टर लावून दिला. मी फोनमध्ये दोन गोष्टी घेऊन गेलेलो. एक आमच्या पार्टीचं रेकॉर्डिंग. आणि दुसरं, भाचीच्या लग्नात मी फोनवर टिपलेला आईचा धवला. माझी आई धवलारीण. आमच्या लग्नांत भटजीच्या बरोबरीने मान असतो तो धवलारणीचा. ती गाऊन विधी सांगते, घरातल्यांची नावं घेते. आई आता थकली, लग्नांना जात नाही.

पहिल्या जोडीत आमचं रेकॉर्डिंग लावलं आणि ढोलकी थेट छातीत आली. मला वाटलं, हेच. माझा सगळा जन्म त्या आवाजात गेलेला. दुसऱ्या जोडीत झांजा इतक्या धारदार होत्या की कानातली शिटी त्यांच्याबरोबर गायला लागली. तिसरी जोडी अगदी साधी वाटली. काही उठून येईना. मी पहिली घेणार होतो.

बायको स्टुलावर बसून बघत होती. तिने विचारलं, "यातली कुठली कानातून काढावीशी वाटली नाही?"

मी आठवून बघितलं. पहिली काढल्यावर मी मान चोळत होतो. तिसरीत आईचा धवला पूर्ण ऐकला होता, आणि मधेच आवाज दोन घरं कमी केला होता, स्वतःहून. तिसरी घेतली.

घरी आल्यावर मात्र घोटाळा झाला. दुकानात भरलेला वाटणारा आवाज घरी पोकळ यायला लागला. उजवीकडून तर नुसती कुजबुज. मी धरून चाललो की कान आणखी गेला. दोन-तीन दिवस इअरफोनला हात लावला नाही. ऑफिसात फोन मुद्दाम उजव्या कानाला लावून बघायचो आणि समोरच्याला पुन्हा बोलायला लावायचो.

बायकोच्या लक्षात आलं असणार. तिने इअरफोनच्या डबीतली रबरी टोपणांची पुडी काढून पुढे ठेवली. लहान, मध्यम, मोठी. "ही बदलून बघितलीत का? माझ्या एका बाईचे दोन्ही दंड सारखे नाहीत, मी बाह्या वेगळ्या मापाच्या काढते."

दुकानातल्या जोडीला मोठी असणार, हे मला तेव्हा सुचलं. उजव्या बाजूला मोठं टोपण चढवलं. कानाची पाळी जरा मागे ओढून घातलं तसं ते आत बसलं, आणि बाहेरचं ड्रिल मशीन एकदम लांब गेलं. गाण्यातला खालचा सूर परत आला. कान होता तेवढाच होता. मी गाणं तसंच चालू ठेवून पलंगावर आडवा झालो. आनंद वगैरे झाला नाही. फार दिवस ओझं धरून हात आखडावा आणि कुणीतरी ते ओझं खाली ठेवावं, तसं झालं.

आता मी रोज थोडा वेळ ऐकतो, घरी बसूनच. वायर शर्टाला घासली की खरखर येते, म्हणून हलत नाही. तो वेळ हीही मशीन बंद ठेवते, पाठ टेकते. हाक मारायची असली तर गुडघ्यावर थाप देते.

मागच्या महिन्यात ठाण्याला कोळीवाड्यात आईकडे गेलो, तेव्हा इअरफोन बरोबर नेले. आई थोरल्या भावाकडे असते. तिला म्हटलं, "आई, तुझा धवला ऐक."

"मना काय करायचाय? मीच बोलेलू तो," ती म्हणाली. पण घालू दिलं.

ती बराच वेळ जमिनीकडे बघत ऐकत राहिली. लग्नात धवल्याच्या पाठीमागे आमच्या पार्टीचं साऊंड चेक चालू होतं, तेही रेकॉर्डिंगमध्ये आलंय. संपल्यावर मला वाटलं, काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "मामाचा नाव आधी घ्यायला पायजे होता. मी काकाचा घेतला."

"कुणाला कळलं नाही, आई."

"मना कळला ना आता." ती वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, "तवा तुमचा वाजत होता. मना माजाच आवाज येत नव्हता."

ती रागाने बोलली नाही, तांदूळ संपले सांगावं तसं बोलली. मग म्हणाली, "परत लाव." मी लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना भिंतीला टेकून तिचा डोळा लागला. वहिनी चहा घेऊन आली, तिने बघितलं आणि कप तसेच परत नेले. मी वायर न ओढता फोनवरूनच आवाज हळूहळू बंद केला आणि तिथेच बसून राहिलो.