तळ्यात निघालेली बाज

आमच्या शेततळ्यात गळ टाकायला दादाची सक्त मनाई आहे, आणि तिचं कारण इतकं रास्त आहे की भांडायचीही सोय नाही. तळ्याच्या तळाला आणि चारही उतरत्या कडांना जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे. गळाच्या टोकानं त्याला भोक पाडलं की पाणी जमिनीत, आणि पाणी गेलं की मे महिन्यात अद्रक लावायचं विसरा. म्हणून देवगाव रंगारीच्या शिवारात माझा हा थोरला भाऊ त्या कागदाला पोटच्या पोरापेक्षा जास्त जपतो. मासे काढायचे ते वर्षातून एकदा, जाळं लावून.

पण आमच्या वडिलांना जाळ्यातला मासा नको होता. आबांचं वय एकोणऐंशी, बोटं थरथरतात. लहानपणी ते गावच्या नदीत गळ टाकून दिवस दिवस बसायचे. त्या नदीला आता पाणी असतं जेमतेम दोन महिने. दिवाळीत आम्ही तळ्याच्या काठावर बसलो होतो, तेवढ्यात एक कटला मासा पाण्याबाहेर उसळला. आबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गळाला लागलेला मासा हाताला कळतो रे. एकदा कळावा परत."

दादानं ऐकलं आणि तो अद्रकाकडं बघत राहिला. मी ऐकलं आणि शहरात गारखेड्याला घरी पोचेपर्यंत गाडीत योजना आखून टाकली. हातानं काही बनवायचं म्हटलं की माझ्या अंगात संचारतं. बायकोचं मत वेगळं आहे. "तुम्ही ठोकलेल्या फळीवर मी फक्त उशा ठेवते," ती म्हणाली. "पडल्या तरी फुटत नाहीत."

योजना साधी होती. काठावरून गळ टाकला तर तो उतारावर कागदाला लागणार. मधोमध मात्र पाणी खोल. तिथं दोरा आखूड ठेवला तर गळ तळाला पोचणारच नाही. मधोमध जायला नाव पाहिजे. नाव नव्हती, पण गोठ्यात सुतळी तुटलेली एक जुनी बाज होती आणि ट्रॅक्टरच्या चार टाकाऊ ट्यूबा होत्या.

शनिवारी सकाळी मी बायकोसह पंक्चरची पेटी घेऊन शेतावर हजर झालो. दादा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"इंजिनेर साहेब, बाजेचे पाय खाली ऱ्हातील की वर?"

"खाली."

"म्हंजी चार खुंटे माझ्या कागदावर?"

दिवसभरातला तो पहिला शहाणा प्रश्न होता आणि तो माझ्या विरोधकानं विचारला होता. आम्ही बांधण्यापुरती बाज उलटी केली, पायांना गोणपाट गुंडाळलं, मग पाय ट्यूबांच्या पोटात बांधून टाकले. खिळा एकही नाही, सगळा दोरीचा कारभार. बाज विणायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. संध्याकाळी आबा तिच्यावर बसून बघायला गेले आणि थेट झोळीत गेल्यासारखे खाली उतरले. त्यांचे गुडघे कानाला लागले.

"बाज विणली का पाळणा?" आबा आतून म्हणाले. मग त्यांनीच मला सगळी वीण उसवायला लावली, आणि थरथरत्या बोटांनी गाठ कशी मारायची ते दाखवलं.

रविवारी दुपारी बाज पाण्यात उतरली. दादानं दोन अटी घातल्या होत्या. दोरा वावभरच, म्हणजे दोन हात पसरून मावेल तेवढा, तो त्यानं स्वतः मोजला. आणि गळ एकच. गेला तसा परत आला पाहिजे. वहिनीनं आबांच्या पाठीला-पोटाला तेलाचे रिकामे कॅन बांधले. आबा बाजेवर पागोटं घालून असे बसले, जणू जहागिरीची पाहणीच करायची होती. इकडच्या काठावरची दोरी माझ्या हातात, पलीकडची बायकोच्या. हळूहळू ढील देत आम्ही बाज मधोमध नेली.

तासभर काही झालं नाही. गळावरचा पिठाचा गोळा विरघळला, आबांनी दुसरा लावला. मासा फिरकेना.

चार वाजले. वहिनी नेहमीप्रमाणं माशांना खायला घालायला पेंडीचा डबा वाजवत काठावर आली आणि तिच्या पायापुढचं पाणी उकळायला लागलं. रोहू, कटला, सगळी वस्ती तिथं हजर! आबांच्या खाली एकही नाही.

दादा खो खो हसला. "आबा, तुमचे मासे सुनेच्या ऐकण्यातले हायेत!"

आबा हसले नाहीत. त्यांनी गळाची काठी मांडीवर आडवी ठेवली. मग वहिनी म्हणाली, "मला न्या तिथं."

आता अडचण समजून घ्या. तीस वर्षांत वहिनी सासऱ्यासमोर कधी बाजेवर बसलेली नाही. आबा अंगणात आले की ती उठायचीच, हातातली भाजी निवडायची राहिली तरी. बाज ओढून काठाला आणली, तिच्या अंगालाही कॅन बांधले, आणि ती तशीच उभी राहिली.

"कामून थांबली?" आबा म्हणाले. "ही बाज नाय. नाव हाय."

वहिनीनं डोक्यावर पदर ओढला, आबांकडं पाठ केली आणि दुसऱ्या टोकाला बसली. बाज एकदा डुलली, वहिनी "अगं आई" म्हणाली, आबांनी तिच्या बाजूची ट्यूब हातानं दाबून धरली. आम्ही दोघांना मधोमध सोडलं. तिथं तिनं डबा वाजवला, मूठभर पेंड टाकली, आणि काठावरची सगळी वस्ती पाण्याखालून तिच्यामागं निघाली.

पाचव्या मिनिटाला काठी वाकली.

आबा ओरडले नाहीत. डोळे मिटले. दोन्ही हातांनी काठी धरून ते नुसते बसून राहिले, मासा ओढत होता आणि बाज गोल फिरत होती. बोटं थरथरत होती का, ते आता कुणाला सांगता आलं नसतं, कारण काठीच थरथरत होती. दादा गुडघाभर पाण्यात उतरून बोंबलत होता, "गळ सांभाळा! आबा, गळ!" शेवटी वहिनीनंच वळून पदर ओला करत तो रोहू कवेत धरला.

काठाला आल्यावर आबांनी माशाच्या तोंडातून गळ काढला आणि दादाच्या तळहातावर ठेवला. "एक गेला, एक आला. मोजून घे."

रात्री अंगणात कालवण वाढताना आबा ती हकीकत तिसऱ्यांदा सांगत होते. मासा तोवर हातभर झाला होता.

"आबा, डबा कुणी वाजवला ते बी सांगा की," वहिनी म्हणाली.

"व्हय व्हय, ऱ्हायलंच," आबा म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मासा दोघांना मिळून ओढावा लागला.