पत्र्यामागचा बाप

"फोटोत कुंकू दिसतंय," कंपनीतून आलेली ताई म्हणाली. आवाज मोठा गोड होता तिचा. "जरा पुसायला सांगता का?"

गुरुजींनी मायकडं पाहिलं. मायनं बापाकडं. बाप माझ्या शेजारीच उभा होता, काठी टेकून.

भूकंपात आमचं गाव भुईसपाट झालं. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. शाळाही पत्र्यातच. तिथं पुण्याची एक कंपनी आली. तिचे नोकरदार सुट्टीच्या दिवशी समाजसेवा करायचे. पोरांना दत्तक घेणार, शिकवणार म्हणाले. पण यादी बाप गेलेल्या पोरांची. माझा बाप दगडामातीखालून जिवंत निघाला होता, मोडक्या पायानं. यादीत बसायला तेवढं पुरत नव्हतं. गुरुजींनी माझ्या भल्यासाठी त्याच्या नावाआधी 'कै.' लावून टाकलं. ताईला खरं ठाऊक होतं का, कोण जाणे. तिनं विचारलं मात्र नाही.

"आणि हे कोण?"

"शेजारी हायेत," गुरुजी म्हणाले.

"मग त्यांना बाजूला घ्या ना."

बाप लंगडत पत्र्याच्या मागं गेला. मायनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. जित्या नवऱ्याचं कुंकू. फोटो निघाला. मला नवं दप्तर मिळालं. मला त्याचा आनंद झाला होता, हे लिहिताना आजही लाज वाटते.

संध्याकाळी बाप एवढंच बोलला, "पोरगी शिकंल. मी असलो काय अन् नसलो काय."

मग दरवर्षी कंपनीला पत्र. 'मला वडील नाहीत, तुम्हीच माझे वडील.' मजकूर फळ्यावर असायचा, आम्ही उतरवून काढायचो. पुढं लातूरला क्लासला गेले, तेही कंपनीच्याच खर्चानं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास, चौकाचौकात हुशार पोरांचे फलक. माझाही लागला. 'भूकंपानं बाप हिरावला, तरी जिद्द सोडली नाही.' बाप एसटीनं डबा घेऊन यायचा, त्याच फलकाखालून, मान खाली घालून. मैत्रिणींना मी सांगायचे, "गावाकडचे काका आहेत." पत्र्यापाशी जे गुरुजींनी केलं, ते लातुरात मी केलं. कुणी न सांगता.

इंजिनियर झाले. त्याच कंपनीनं नोकरी दिली.

मागच्या वर्षी बाप खरंच गेला. भावकीतल्या बाया मायचं कुंकू पुसायला पुढं आल्या. मायनं हात झटकला. "म्या एकदा पुसलंय. पोरीच्या दप्तरापायी. आता न्हाई पुसायची." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरानं कंपनीनं मला किनवटच्या एका वसतिगृहात पाठवलं. समाजसेवेला. यादी तीच, बाप गेलेल्या पोरांची. या खेपेला ती माझ्या हातात होती, कॅमेरा सोबत आलेल्या कंपनीच्या साहेबांच्या. एक बाई पोरीला घेऊन आली. मागं नवरा. कॅमेरा दिसताच बाईचा पदर कपाळाकडं गेला. तिला कुणी काही म्हटलंही नव्हतं.

मी तिचा हात धरला. "पुसू नका. दाजींनाही बोलवा फोटोत."

"पोरीचं नाव कटंल की, ताई."

साहेब हसले. "निदान तू तरी असं करू नकोस. तू यातूनच वर आलीस ना?"

"हाव," मी म्हणाले. किती वर्षांनी तोंडात गावची भाषा आली. "जित्या बापाला मारून वर आले मी."

त्या पोरीच्या बापाच्या नावाआधीचं 'कै.' मी तिथंच खोडलं. तिच्या मायला सांगितलं, कंपनीनं नाव कापलं तर पोरीचं शिक्षण मी बघीन, पण बापाच्या नावासकट.

कंपनीच्या दारात माझा तो फोटो अजून टांगलाय. खाली लिहिलंय, 'पितृछत्र हरपलेल्या मुलीची भरारी'. सोमवारी मी तो उतरवणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. नाहीच उतरवू दिला, तर त्याखाली माझ्या हातानं लिहीन: हिचा बाप जित्ता होता. हा फोटो काढला तेव्हा तो पत्र्याच्या मागं उभा होता.