मरणाच्या गाण्यांवर अडलेलं एम. ए.

थिसिसची पानं वाढता वाढत नाहीत, किस्से मात्र रोज वाढतात. पुण्याला गेलो की मित्र थिसिस कुठवर आला हे विचारतच नाहीत. चहा मागवतात आणि म्हणतात, "हं, तुझ्या मुलखात आता काय झालं?" मग एक सांगायला घ्यावा, तर त्याच्यामागून दुसरा येतोच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा, पण शाळा-कॉलेज सगळं पुण्याला झालं. बी. ए. नंतर थिसिस लिहून एम. ए. करायचं ठरवलं आणि गावी परत आलो. विषय, आमच्याकडच्या बायकांची गाणी, जन्मापासून मरणापर्यंत. निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, कोर्टात उर्दू. आपल्या आयाबहिणींचे शब्द कुठल्याच कागदावर नाहीत. ते मी कागदावर आणणार होतो.

हे सगळं मी पारावर उभं राहून गावाला सांगितलं. 

काका पुढेच बसले होते. म्हणाले, "परीक्षा न्हाई, मास्तर न्हाई, मंग तुला पास कोन करनार?"

गाइड म्हणजे काय, थिसिस म्हणजे काय, सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे बायांचे गाने लिहून यम्मे होतं?"

"होतं."

"मंग तुझी माय कवाच झाली असंल."

सगळा पार हसला. काका हसले नाहीत. त्यांनी तिथेच मुदत घालून दिली. दिवाळीपर्यंत काय लिहायचं ते लिहायचं, नाहीतर थिसिस गुंडाळून जालन्याला त्यांच्या अडतीवर बसायचं.

*

सुरुवात पाळण्यांपासून केली. आमच्या वहिनींचा आवाज गोड. वही उघडून बसलो आणि म्हणालो, "म्हणा."

"रिकामा पाळना हालवत न्हाईत, भावजी. आन् पाळना हालल्याबिगर मला गानं सुचत न्हाई."

बरोबर होतं. रिकामा पाळणा हलवणं आमच्याकडे अशुभ. मग वहिनींनी आपलं तान्हं आत घातलं, दोरी ओढली, गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला पोर झोपलं आणि वहिनी थांबल्या.

"पुढं?"

"झोपलं की ते. आता कोनासाठी म्हनू?"

आणखी दोन घरी हेच झालं. शेवटी मी गावातलं सगळ्यात रडकं पोर शोधून काढलं. काही केल्या झोपत नसे. त्याच्या आईनं येत होती नव्हती ती सगळी गाणी म्हटली. आख्खं प्रकरण त्या पोरानं पुरं करून दिलं. थिसिसच्या आभारात गाइडच्या खालोखाल त्याचं नाव घालणार आहे.

*

एक दिवस अमीनसाहेबांचं बोलावणं आलं. अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार. पुण्याहून आलेला एक पोरगा घरोघर फिरून काहीतरी लिहून राह्यला, अशी कोणीतरी खबर दिली होती.

साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या कारकुनाला, म्हणजे पेशकाराला, मोठ्यानं वाचायला सांगितलं. पेशकार गंभीर माणूस. फर्मान वाचावं तशी त्यानं जात्यावरची गाणी वाचली. सासू कशी छळते, नणंद कशी टोचते, भाकरीचा कसा हिशेब धरते. हळूहळू सगळे शिपाई दाराशी गोळा झाले. एकजण तर "बराबर हाय" म्हणून मान डोलवू लागला.

वाचून झालं. अमीनसाहेबांनी वही परत दिली.

"इसमें सरकार के ख़िलाफ़ कुछ नहीं," ते म्हणाले. "सास के ख़िलाफ़ बहुत है."

मी निघालो, तर मागून हाक मारली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हमारे घर में भी गाते. लिखवा के भेजता हूँ. बस, ज़रा अम्मी को गाँव जाने दो."

*

पुण्याला आमच्या गाइडनी सगळी वही वाचली. खूश झाले. मग चष्मा काढून म्हणाले, "जन्म आहे, लग्न आहे. मरण कुठं आहे? ते प्रकरण आणल्याशिवाय थिसिस पुढे पाठवणार नाही."

दिवाळी तोंडावर आली होती. तसाच गावी परतलो.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका चालीत रडतात. गेलेल्याला काय आवडायचं, काय राहून गेलं, सगळं त्या रडण्यात येतं, शब्द तिथल्या तिथे जुळत जातात. पण दुसऱ्याच्या दुःखात वही काढून बसायचं कसं? म्हणून मी येसूआत्याकडे गेलो. तिच्यासारखं रडणारी पंचक्रोशीत नाही.

"आत्या, एकदा रडून दाखवा."

ती दचकून उठली. "कोन गेलं?"

"कोणी नाही. नमुन्यासाठी."

"नमुन्याला रडू येत नसतं, बाबा," आत्या म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला बसली.

*

त्याच दिवसांत शेजारच्या आळीतले किसननाना आजारी पडले. खूप म्हातारे, माझ्यावर जीव. मी खरोखर काळजीनं रोज चौकशीला जायचो. वही सवयीनं बगलेत असायची, एवढंच.

 तीन-चार दिवसांनी नानांनी डोळे उघडून वहीकडे बघितलं.

"दत्तू, तुझं यम्मे माह्यावर अडलंय का रे?"

घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी घाम पुसत म्हणालो, "न्हाई नाना, बिलकुल न्हाई."

दोन दिवसांनी नाना काठी टेकत आमच्या ओट्यावर आले. "म्हनलं आपनच जाऊन यावं. पोरगं रोज आशेनं येतं."

*

आता शेवटचा.

एका सकाळी आडावर आंघोळ करत होतो, तर कावळा येऊन डोक्यावर बसला. आईनं बघितलं आणि तिच्या हातातली घागर सुटली. डोक्यावर कावळा बसला की मरण ओढवतं, अशी समजूत. त्यावर उतारा असा, की जवळच्या नातलगाला मेल्याची खोटी बातमी धाडायची. ते माणूस एकदा मनापासून रडलं की मरण येऊन गेलं असं धरतात. मग लगेच खरं सांगून टाकायचं.

एरवी मी अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं असतं. आई त्या तयारीनंच बोलली, "हसनाबादला गोदीकडं मानूस धाडते. तू मधी बोलू नको."

गोदी म्हणजे माझी मावशी. तिला मूलबाळ नाही, माझ्यावरच सगळी माया.

"धाड," मी म्हणालो. "आजच धाड."

आई बघतच राहिली. "पुन्याला जाऊन सुधारला म्हनायचा."

आमचा गडी महादू गाडी घेऊन निघाला, आणि मागे कडब्यात वही-पेन्सिल घेऊन मी. हसनाबाद आलं तसा मी आधीच उतरलो आणि मावशीच्या गोठ्याच्या कुडामागे जाऊन बसलो. महादूला पढवून ठेवलं होतं, मावशीला पोटभर रडू दे आणि मग कावळ्याचं सांग.

महादूनं बातमी सांगितली. मावशी मटकन खाली बसली.  मग तिनं गळा काढला.

"भाकरीवरचं लोनी आता कोनाला देऊ रे, दत्तू..."

मी लिहू लागलो.

"लेकरू होऊन पुन्याला गेल्ता, पाव्हना होऊन आल्ता रे, दत्तू..."

शेजारच्या बाया धावत आल्या, त्यांनीही सूर धरला. महादूनं आता खरं सांगायचं, तर तोही टोपी तोंडाला लावून हुंदके देत होता. मलाही अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"गावोगावच्या बायांच्या दारी बसला, मावशीच्या दारी न्हाई बसला रे, दत्तू..."

पेन्सिल थांबली. मी उठलो आणि वही घेऊन तसाच अंगणात आलो.

बाया किंचाळून बाजूला झाल्या. मावशीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पदरानं तोंड पुसलं. मग वहीकडे बघितलं.

"कुठवर लिहिलं?"

"तुझ्या दारी बसलो न्हाई, तिथवर."

"मंग बस की आता," मावशी म्हणाली. मला समोर बसवलं, माझा लिहिता हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि पुढची ओळ काढली.