सांडव्यावरची ताटी

ताटी मीच बांधू दिली. एवढं एक वाक्य आजवर कुणापुढे तोंडातून निघालं नाही.

चामोर्शीकडच्या आमच्या गावच्या तलावावर मी सरकारी रोजंदारीवर चौकीदार. आधी दर पावसाळ्यात, धानाला पाणी पुरावं म्हणून, सांडव्यावर रेतीची पोती रचून पाणी अडवायचो आणि तलावाची मातीची पाळ फुटते की काय म्हणून जीव मुठीत धरून बसायचो. मग नवे साहेब आले. त्यांनी वरून हुकूम आणला : पोती काढा, सांडवा मोकळा ठेवा, पुराचं पाणी खालच्या गायरानात पसरू द्या, तिथंच जिरेल. गाव कुरकुरलं. साहेब म्हणाले, "एक पावसाळा पाहून तर घ्या." सांडवा मोकळा ठेवणं माझ्याकडे आलं.

माझ्या साळ्यानं तलावात मासोळी सोडली होती. तो म्हणाला, "भाऊजी, माही मासोळी गायरानात चरायले चालली न! बांबूची ताटी लावतो. पानी जाते, मासोळी राह्यते. साहेबाले काय समजते?"

मी हो म्हटलं. बायकोचा भाऊ पडला. शिवाय त्याची मासोळी माझ्या ताटात यायची, हेही खरंच.

श्रावणात झड लागली. पालापाचोळा, फांद्या वाहत येऊन ताटीवर थापल्या गेल्या. दुपारी पाहतो तर गायरानात घोट्याएवढंही पाणी नाही आणि तलाव पाळीच्या काठाला टेकलेला. पाळीखालच्या घरांच्या बाजूनं पाझर फुटला होता. पहिलंच घर एका एकट्या म्हातारीचं.

"काढ ताटी!" मी ओरडलो.

"थांबा न भाऊजी, पाऊस उतरून राह्यला."

मी थांबलो. किती वेळ, सांगता येत नाही, पण थांबलो. मग दोघांनी कुऱ्हाडीनं ताटी तोडली. पाणी गायरानात धावलं, पण तोवर पाळीचा कोपरा खचला होता. म्हातारी शेळीला ओढत बाहेर आली आणि मागं तिच्या घराच्या दोन भिंती बसल्या.

पाणी ओसरल्यावर साहेब आले. म्हातारी त्यांच्यापुढे उभी राहिली. "गायरानात पसरनार होतं न पानी? मंग माह्या चुलीत कसं आलं? तुमचा कायदा तुमच्या बंगल्यात लावा ना!" लोक हसले. साहेब नाही हसले.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "सांडव्यात काही अडकलं होतं का? खरं सांग. यावर पुढचं सगळं ठरणार आहे."

साळा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत होता.

"नाई साहेब," मी म्हणालो. "सांडवा मोकळाच होता."

पुढे हुकूम मागे घेतला गेला, साहेबांची बदली झाली आणि मी पुन्हा पोती रचून पाणी अडवायला लागलो. म्हातारीनं त्याच जागी भिंती उचलल्या. दुसरी जागा होती कुठं तिला?

आता आभाळ भरून आलं की दिवेलागणीला ती माझ्या दारात येते. मी तलावाचा राखणदार म्हणून मला विचारते, "निजू का रे, बापू?"

"निज, बाई," मी म्हणतो. ती विश्वासानं जाते. मी कंदील घेऊन पाळीवर जातो, हातानं माती चाचपत फिरतो.